टप्पे मोजू नका : सावर्डेकरांसाठी विमान-तिकीट प्रवेशिका

ही प्रवेशिका निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी आजवर लाल डब्यात खिडकी धरली, दिवा-सावंतवाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसवून घेतला, आणि ज्यांना आता अचानक लंडनहून ‘आई, सहा महिने येऊन राहा, बाळाला बघायला कुणी नाही’ असा फोन आला आहे, त्यांनी ती सावकाश वाचावी. चार वेळा दुबई करून आलेल्यांनी वाचू नये. ते तसंही कुणाचं ऐकत नाहीत.

लागणारं साहित्य : मुदत भरपूर उरलेला एक पासपोर्ट, एक मोबाईल, तो मोबाईल कळणारा शेजारचा एक कॉलेजकुमार, कागद, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर विसरू नये. सकाळी लिहिलेला दर दुपारी खोडावा लागतो.

पायरी १ : नकाशा मिटून ठेवा

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे ‘किती लांब आहे?’ हा प्रश्न. ही सवय एसटीनं लावली. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. सावर्ड्याहून चिपळूणला किती टप्पे हे कंडक्टरच्या यंत्रात असतं आणि ते यंत्र तुमच्या तोंडाकडे बघत नाही. बाईमाणसाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्याला फुकट. म्हणजे एसटीत गरज बघून सवलत मिळते. विमानात गरज बघून भाव वाढतो. एवढं एक वाक्य पाठ झालं तरी निम्मी प्रवेशिका संपली.

रेल्वेवाल्यांनी यावर हसू नये. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि तिथून पुढे भाड्यासाठी धरलेले किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के जास्त असतात. डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल टाकून, कर्ज काढून मार्ग बांधला. त्याची वसुली अजून चालू आहे. म्हणजे ‘तेवढाच प्रवास एका मुलखात महाग आणि दुसऱ्यात स्वस्त का?’ हा धडा सावर्डेकर १९९८ पासून पदरचे पैसे मोडून शिकतो आहे. फक्त त्याची परीक्षा कुणी घेतली नव्हती. ती आता आहे.

सराव म्हणून हे बघा. मुंबई ते दिल्ली आणि लंडन ते बार्सिलोना ही दोन्ही हवाई अंतरं साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. युरोपात नेमका दिवस धरला तर हे तिकीट कधीकधी पंचवीस-तीस पौंडांत पडतं. तिथल्या माणसाला एका बऱ्या जेवणाएवढं. तेवढंच अंतर आफ्रिकेत दोन देशांच्या राजधान्यांमध्ये काटायचं म्हटलं तर त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. विमान त्याच कारखान्यात बनलेलं आणि हवाही तीच. बदलतं ते खालचं सरकार.

पायरी २ : विमानतळ निवडा

देवानं सावर्डं अशा जागी ठेवलंय की मुंबई आणि गोव्यातलं मोपा, दोन्ही विमानतळ जवळपास सारखेच दूर पडतात, अडीचशे किलोमीटरच्या वर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून सुरू असल्यामुळे विमान लंडनला किती वाजता उतरेल हे सांगता येतं. आपण पनवेलला किती वाजता पोचू हे सांगता येत नाही.

अधेमधे काही नाही का? आहे की. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि ‘उडान’ योजनेतून मुंबईचं विमान अडीच हजारांच्या आसपास सुरू झालं. उडानची युक्ती समजून घ्या, ती परीक्षेत हमखास येते. छोट्या गावाच्या विमानात काही जागांना दराची मर्यादा घालायची, कंपनीला येणारी तूट सरकारनं भरायची, आणि त्यासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर उपकर लावून उभा करायचा. म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा सुटाबुटातला माणूस नकळत कुडाळच्या चाकरमान्याचं तिकीट भरत होता. पण ही मदत तीन वर्षांचीच असते. मुदत सरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईचं ते विमान थांबलं. धावपट्टी तिथेच, प्रवासीही तेच. गेली ती फक्त भरपाई.

रत्नागिरीची धावपट्टी वर्षानुवर्षं तटरक्षक दलासाठी राबते आहे. नवी मुंबईचा विमानतळ मात्र आपल्याला सोयीचा. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं. मुंबईत शिरायचा ताप वाचतो. पण नवा विमानतळ म्हणजे नवी वसुली, हे कोकण रेल्वेच्या प्रवाशाला वेगळं सांगायला नको. बांधकामाचा पैसा विमानतळ वापर शुल्क म्हणून तिकिटात शिरतो. ते किती घ्यायचं हे ‘एरा’ नावाची केंद्रीय नियामक संस्था ठरवते.

पायरी ३ : तिकीट मोठं करून वाचा

आता कॉलेजकुमाराला बोलवा. मुंबई-लंडन-मुंबई तिकिटाची पीडीएफ उघडायला सांगा. खालचा एकूण आकडा बघून ‘अगो बाय!’ म्हणू नका. दोन बोटांनी पान मोठं करा. एका कोपऱ्यात दोन-दोन अक्षरांची बारीक पंगत बसलेली दिसेल. एकेकाला ओळखून घ्या.

‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ : हा कंपनीचा स्वतःचा अधिभार. इंधन महागलं म्हणून जन्माला आला. इंधन उतरलं तरी तो उतरेलच असं नाही. करांच्या रांगेत बसतो म्हणून सरकारी वाटतो, पण जातो कंपनीच्याच खिशात.

‘के३’ : आपला जीएसटी. साध्या वर्गाला ५ टक्के. बिझनेस क्लासला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. तो आपला विषय नाही.

‘आयएन’ आणि ‘पी२’ : पहिलं विमानतळ वापर शुल्क, दुसरं सुरक्षेचं शुल्क. विमानतळावर तुमची पिशवी उपसून लोणच्याची बरणी बाजूला काढतात ना, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.

‘जीबी’ : इथे थांबा. चष्मा पुसा. हा ब्रिटनचा हवाई प्रवासी कर, १९९४ पासूनचा. ब्रिटनमधून उडताना लागतो आणि प्रवास लांबला की वाढतो. भारत त्यांच्या मधल्या गटात, म्हणजे लंडनपासून २,००१ ते ५,५०० मैलांच्या पट्ट्यात येतो. त्यासाठी साध्या वर्गाला २०२५-२६ मध्ये ९० पौंड होते. एप्रिल २०२६ पासून १०२. आपल्या पैशात दहा हजारांच्या वर, माणशी. ब्रिटनमध्ये उतरताना हा कर नाही. पण परत यायचं असतंच, त्यामुळे चुकत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना साध्या वर्गात तो माफ आहे, तेव्हा नातवंडांच्या तिकिटावर ‘जीबी’ दिसला तर जाब विचारा.

शेजारच्या आयर्लंडनं असाच एक कर २०१४ मध्ये रद्द केला. दोन देशांमध्ये समुद्राचा एक पट्टा आणि तिकिटात एवढा फरक. जर्मनी, नेदरलँड्स इथेही उड्डाणावर कर आहे. त्यामागचं कारण कधी तिजोरी, कधी पर्यावरण. दोन्ही कारणं खरी असू शकतात, भरणारा तुम्हीच.

‘यूबी’ : ब्रिटिश विमानतळाचा आकार. हीथ्रो हा फार मागणी असलेला विमानतळ. दोनच धावपट्ट्या आणि उतरायला जगभरची विमानं टपलेली. तिथे रोज एकदा उतरण्या-उडण्याची वेळ मिळवायला २०१६ मध्ये ओमान एअरनं सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याची बातमी होती. जागा नव्हे, निव्वळ वेळ! तो पैसाही कुणाच्या तरी तिकिटातूनच निघणार.

पंगत संपली. आता बेरीज करा. बऱ्याचदा असं दिसतं की मूळ भाडं आपण समजलो तेवढं नाही. बाकीचे पाहुणे जेवून गेलेत.

पायरी ४ : इंधनाचा हिशेब घाला

भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात धरतात. आणि विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला तो २५ टक्के होता. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला. उडान योजनेतल्या छोट्या विमानतळांना १ टक्का. त्यामुळे ज्या राज्यात इंधन स्वस्त तिथे टाकी जास्त भरून घ्यायची आणि महाग राज्यात कमी घ्यायचं, असा हिशेब कंपन्या रोज मांडतात.

आता गंमत बघा. १९४४ च्या शिकागो करारापासून पडलेल्या रिवाजानुसार आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर सहसा कर लावत नाहीत. म्हणजे मुंबईहून दुबईला जाणाऱ्या विमानाचं इंधन व्हॅटमधून सुटलं आणि मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याचं सापडलं. परदेश स्वस्त आणि विदर्भ महाग, असं कधी वाटलं तर ते डोळ्यांचा दोष समजू नका.

त्यावर रुपयाची घसरण. विमानांचं भाडं, सुटे भाग, मोठी दुरुस्ती हे सगळं डॉलरमध्ये चालतं. तुमचं तिकीट रुपयांत. डॉलर वधारला की कंपनीचा घाम तुमच्या कपाळावर येतो.

रस्ता बंद असेल तर वळसाही आपल्याच माथी. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. ब्रिटिश कंपनीचं विमान सरळ जातं. भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्रावरून वळून जातं, इंधन जास्त, तास जास्त. एकाच विमानतळावरून, एकाच गावाला.

पायरी ५ : आकाशाचा सातबारा तपासा

नवशिक्याला वाटतं, आकाश सगळ्यांचं. शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की ज्याची जमीन त्याचं आकाश. म्हणून दोन देशांत किती विमानं, किती जागा, कुठल्या शहरांतून, हे त्या दोन सरकारांनी बसून ठरवायचं असतं. एसटीच्या परमिटासारखंच.

दुबईचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्या घरचं आहे. खेड, दापोली, चिपळूण, राजापूर या पट्ट्यातल्या किती घरांच्या छपरावरचे पत्रे आखातातल्या पगारावर बदलले! भारत आणि दुबई यांच्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६५ हजार जागा आहेत. वर्षानुवर्षं हा आकडा जवळपास तेवढाच. जाणारी माणसं मात्र वाढली. दुबईच्या कंपन्या ‘आणखी द्या’ म्हणतात. दिल्ली म्हणते, तुम्ही आमची माणसं दुबईला उतरवून तिथून लंडन-न्यूयॉर्कला नेता. मग आमच्या कंपन्यांनी लांबची विमानं कुणाच्या जिवावर चालवायची? दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. पण जागा मोजक्या आणि गिऱ्हाईक भरपूर, तेव्हा या वादाचं व्याज भरतो तो ईदेला घरी येऊ बघणारा गवंडी.

याउलट युरोपीय संघानं एप्रिल १९९७ पासून आपल्या कंपन्यांना संघातल्या कुठल्याही देशाच्या पोटातसुद्धा विमान चालवायला मोकळीक दिली. आयरिश कंपनी इटलीच्या दोन गावांमध्ये बिनदिक्कत फेऱ्या मारते. ते पंचवीस पौंडांचं तिकीट अशा मोकळिकीतून आलं. आफ्रिकेतल्या देशांनीही जानेवारी २०१८ मध्ये एकत्र आकाशाची घोषणा केली. सह्या झाल्या, विमानं अजून परमिटाची वाट बघतात.

पायरी ६ : मार्गावर किती कंपन्या, ते बोटांवर मोजा

सोपी पायरी. एक हात पुरतो.

भारतानं १९५३ मध्ये कायदा करून खासगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली आणि रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातली माणसं विमानात बसली. त्यानंतर कंपन्या आल्या आणि आपटल्या : किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. आज देशातले शंभरांपैकी नव्वदहून जास्त प्रवासी दोनच गटांकडे आहेत, इंडिगो आणि टाटांची एअर इंडिया. त्यातही साठच्या वर एकट्या इंडिगोकडे.

दोन गट असले की काय होतं, याचं प्रात्यक्षिक डिसेंबर २०२५ मध्ये झालं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि उरलेल्या जागांचे दर भिडले आभाळाला. शेवटी सरकारनं मर्यादा घातली : ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा, दीड हजारपर्यंत पंधरा, त्यापुढे अठरा हजार. म्हणजे त्या आठवड्यात का होईना, विमानालाही टप्पे लागले.

तरीही एक कबूल करायला हवं. एरवी आपली देशांतर्गत तिकिटं जगात स्वस्तात गणली जातात. कंपन्या बुडाल्या त्या बऱ्याच अंशी स्वस्त विकूनच. म्हणून फार स्वस्त तिकीट दिसलं तर आनंद करावा, पण ती कंपनी परतीच्या तारखेपर्यंत उभी राहील का, हेही मनात आणावं.

काही देशांत तर कंपनीला विकलेल्या तिकिटाचा पैसा मायदेशी नेताच येत नाही. नायजेरियात परकीय चलनाचा तुटवडा झाला तेव्हा विमान कंपन्यांचे कोट्यवधी डॉलर तिथल्या बँकांत अडकले. एमिरेट्सनं २०२२ मध्ये विमानंच थांबवली, ती २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. अशा देशाच्या तिकिटात उधारी बुडण्याची भीतीही मोजलेली असते.

पायरी ७ : आपली गरज चेहऱ्यावर दिसू देऊ नका

अमेरिकेनं १९७८ मध्ये विमानांचे सरकारी दर काढून टाकले आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या कंपन्यांनी एक कला संगणकावर चढवली : एकाच विमानातल्या एकसारख्या खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत वाटायच्या. स्वस्त कप्पा आधी संपतो. उशिरा येणारा बहुधा अडलेला असतो, म्हणून त्याच्यासाठी महाग कप्पा राखून ठेवतात. लग्न, मयत, ईद, नाताळ, आखातातल्या शाळांची जुलै-ऑगस्टची सुट्टी आणि अर्थातच गणपती हे सगळं त्या संगणकाला तुमच्याआधी ठाऊक असतं.

हेच शास्त्र देशांनाही लागू पडतं. मुंबईत सुरू होऊन मुंबईत संपणारं परतीचं तिकीट आणि लंडनमध्ये सुरू होऊन लंडनमध्ये संपणारं तिकीट यांचे दर बऱ्याचदा वेगळे असतात, विमान आणि खुर्ची त्याच असल्या तरी. तिथल्या गिऱ्हाइकाला काय परवडतं, तिथे कोण स्पर्धेत आहे, सुट्टी केव्हा, यावर ते ठरतं.

इथे एक हुशार नवशिक्या विचारतो : मग स्वस्त पडणारं लांबचं तिकीट काढून पहिला तुकडा सोडून दिला तर? नको. एसटीत चिपळूणहून आरक्षण करून सावर्ड्यात चढलात तर कंडक्टर फार तर डोळे वटारतो. विमानात पहिला तुकडा चुकवलात की पुढचे सगळे तुकडे आपोआप रद्द होतात, आणि डोळे वटारायलाही तिथे कुणी नसतं.

नेहमीच्या शंका

*मध्ये उतरून जाणारं विमान स्वस्त कसं? जास्त लांब जातं की.* लांब जातं, पण थेट जाण्याची सोय तुम्ही विकत घेतलेली नसते. शिवाय दोहा-दुबईच्या कंपन्यांना सरळ जाणाऱ्यांशी झगडायचं असतं. गुडघे दुखत असतील तर थेट घ्या. गुडघ्यांच्या डॉक्टरची फी तिकिटात धरत नाहीत.

*एजंटाकडून काढू की मोबाईलवरून?* दोन्हीकडे विचारा. एजंटानं पावती न देता ‘माझ्यावर सोडा’ म्हटलं तर त्याच्यावर सोडू नका.

*सामान?* स्वस्त तिकिटात बॅग कधीकधी धरलेलीच नसते. आमसुलं, कुळीथ, फणसाचे गरे आणि गूळ यांचं वजन आधी करा. किलोचा दर विमानतळावर कळला तर गूळ तिथेच सोडावासा वाटेल.

*मग तिकीट काढायचं केव्हा?* गणपतीला घरी यायचं असेल तर शिमग्याची पालखी नाचवून परत फिरण्याआधी.

शेवटची सूचना

परदेशाचे कर आपण कमी करू शकत नाही, डॉलर आपल्याला विचारून चढत नाही. पण इंधनावरचा व्हॅट आपलं राज्य ठरवतं, दुबईच्या जागा आपलं केंद्र ठरवतं, आणि ती दोन्ही सरकारं मतं मागायला याच महामार्गावरून येतात. विमानतळाच्या कोनशिलेचा फोटो दाखवणाऱ्या उमेदवाराला ‘विमानतळ कधी?’ एवढंच विचारून सोडू नका. तिथून रोज विमान उडणार का, किती कंपन्यांचं, आणि सरकारी मदतीची मुदत संपल्यावर ते कुणाच्या पैशावर उडणार, हे विचारा. उत्तर लेखी घ्या.